भिक्षापात्रापासून काइसेकीपर्यंत : जपानी भोजन व अतिथिगृह यांचा बौद्ध इतिहास

उपोसथाच्या दिवशी अष्टशील ग्रहण करणाऱ्या उपासक-उपासिकांना सहावे आणि आठवे शील चांगले परिचित आहे. सहावे शील विकाल भोजनापासून, म्हणजे मध्यान्हानंतरच्या आहारापासून, विरत राहण्याचे; आठवे शील उंच व ऐषारामी शय्येपासून विरत राहण्याचे. ताट आणि बिछाना या दोन ठिकाणी माणसाची आसक्ती किती सहज गुंतते, हे तथागतांनी ओळखले होते. ज्या देशात बौद्ध धम्म सुमारे पंधराशे वर्षे नांदत आला, त्या जपानची आज प्रवाशांमध्ये जी कीर्ती आहे ती मात्र नेमकी याच दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे 'काइसेकी' हे संध्याकाळी क्रमाक्रमाने वाढले जाणारे अनेक पदार्थांचे भोजन. दुसरी म्हणजे 'ऱ्योकान' हे पारंपरिक अतिथिगृह. या दोहोंचा आस्वाद घेण्यासाठी जगभरातील धनवान प्रवासी जपानला जातात आणि एका रात्रीसाठी माणशी कित्येक दहा हजार येन मोजतात.

हा विरोधाभास पाहून कोणी म्हणेल की, जपानने बुद्धाचे शील सोडले आणि चैनीला जवळ केले. इतिहास इतका सोपा नाही. काइसेकी आणि ऱ्योकान यांच्या मुळाशी भिक्खूसंघाचा आहारविनय आणि बौद्ध दानपरंपरा आहे, हे आम्हास प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्याचबरोबर दुसरीही गोष्ट सांगावयाची आहे. या सुंदर परंपरेने ज्यांचे श्रम घेतले आणि ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यांचा हिशेब मांडल्याखेरीज हा इतिहास पूर्ण होत नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मार्गाने धम्माकडे आलेल्या आपल्यासारख्यांना तर हा हिशेब टाळता येणार नाही.

दानगृह आणि स्नानगृह

जपानी भाषेतील काही साधे शब्द प्रथम लक्षात घेऊ. दानाला जपानी भाषेत 'फुसे' म्हणतात. खोलगट भांड्याला 'हाची' म्हणतात. हा शब्द चिनी भाषेच्या मार्गाने आलेले आपले 'पात्र' होय, ज्याला पालित 'पत्त' म्हणतात. दुकानात किंवा भोजनगृहात धनिक आश्रयदात्याला 'दान्ना' म्हणत. त्याचे मूळ 'दान' या शब्दात आहे. भांडे आणि यजमान या दोन्ही गोष्टींवर बौद्ध परंपरेचा ठसा असा भाषेतच उमटलेला आहे.

जपानच्या राजदरबारात बौद्ध धम्माचा प्रवेश सहाव्या शतकाच्या मध्यास झाला; परंपरा इ.स. ५३८ किंवा ५५२ ही वर्षे सांगते. पुढे सुमारे दीड शतकाने ग्योकी (६६८–७४९) नावाचा भिक्खू उदयास आला. त्या काळी धम्म हा दरबाराचा व सरदारांचा होता. ग्योकी विहाराच्या भिंती ओलांडून सामान्य जनतेत गेला. त्याने पूल बांधले, तळी खणली, कालवे काढले. खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांना कराचे धान्य व कापड स्वतःच्या खांद्यावरून राजधानीपर्यंत पोहोचवावे लागे. वेठीसाठी गेलेले कित्येक लोक परतीच्या वाटेवर अन्नावाचून मरत. अशांसाठी ग्योकीने वाटेवर आश्रयगृहे उभारली. त्यांना 'फुसेया', म्हणजे दानगृह, म्हणत. अशा नऊ दानगृहांची नोंद आहे. राज्यकर्त्यांना हे रुचले नाही. इ.स. ७१७ मध्ये ग्योकीच्या लोकप्रचारावर राजाज्ञेने ठपका ठेवण्यात आला. परंतु नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीसाठी जनतेचा सहभाग हवा झाला, तेव्हा त्याच ग्योकीला पाचारण करण्यात आले आणि ७४५ मध्ये त्याला संघाचे सर्वोच्च पद देण्यात आले. दक्षिण भारतातून ७३६ मध्ये जपानला पोहोचलेल्या बोधिसेन या भिक्खूचे स्वागत ग्योकीने केले होते. ७५२ मध्ये त्या महामूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेनाच्याच हस्ते झाला.

जपानमधील संघटित अतिथ्याच्या आरंभीच्या काळात असे एक दानगृह उभे आहे, आणि त्याचा पहिला पाहुणा ओझ्याखाली वाकलेला, भुकेलेला शेतकरी आहे. ही गोष्ट आम्हास फार मोलाची वाटते.

आजच्या ऱ्योकानमध्ये भोजनाइतकेच महत्त्व उष्ण पाण्याच्या स्नानाला आहे. त्याचीही एक बौद्ध बाजू आहे. भिक्खूसंघाला स्नान घडविण्याचे पुण्य सांगणारे एक सूत्र चीनमार्गे जपानमध्ये प्रचलित होते. मोठ्या विहारांत स्नानगृहे असत आणि गोरगरिबांना तेथे धर्मार्थ स्नान घडविले जाई. सम्राज्ञी कोम्यो हिने ७३० मध्ये गरिबांसाठी औषधगृह स्थापन केले. तिच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, तिने एक हजार लोकांना स्वहस्ते स्नान घालण्याचा संकल्प केला आणि हजारावा मनुष्य महारोगी निघाला. तिने त्याच्या जखमा आपल्या मुखाने स्वच्छ केल्या, तेव्हा तो अक्षोभ्य बुद्धाच्या रूपात प्रकट झाला. आख्यायिका ऐतिहासिक नसेल. पण एका समाजाने स्नानगृहाचा आदर्श कोणता मानला, हे तीतून कळते. ही आख्यायिका वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या उत्तरार्धात तिची गरज पडणार आहे.

इशिकावा प्रांतातील आवाझू येथील होशी हे ऱ्योकान ७१८ साली स्थापन झाल्याचे परंपरा सांगते. तेथील उष्ण झऱ्याचा शोध ताइचो या भिक्खूने लावला, असेही ती परंपरा म्हणते. यामानाशी प्रांतातील केइउनकान हे अतिथिगृह तर ७०५ इतके जुने मानले जाते.

विरियाचे भोजन

विहारातील शाकाहारी स्वयंपाकाला जपानमध्ये 'शोजिन ऱ्योरी' म्हणतात. 'ऱ्योरी' म्हणजे पाककृती आणि 'शोजिन' हे 'विरिय' या पारमितेचे भाषांतर आहे. म्हणजे हे अखंड प्रयत्नाचे, साधनेला बळ देणारे भोजन. सोयाबीनचे तोफू, सोयादुधावरील सायीचे 'युबा', गव्हाच्या चिकाचे 'फू', कोन्याकू नावाच्या कंदाच्या वड्या, कुटलेले तीळ, आणि सागरी शेवाळ व वाळविलेल्या अळंब्या यांचा अर्क यांवर ही पाककला उभी राहिली. काइसेकीच्या ताटातील चवीचा पाया आजही बव्हंशी येथलाच आहे.

या भोजनाला तत्त्वज्ञानाची बैठक दिली ती दोगेन (१२००–१२५३) या सोतो झेन पंथाच्या संस्थापकाने. १२२३ मध्ये तो धम्माच्या शोधात चीनला गेला. जहाज बंदरात उभे असताना एक एकसष्ट वर्षांचा वृद्ध भिक्खू जपानी अळंब्या विकत घेण्यासाठी जहाजावर आला. तो आयुवांग पर्वतावरील विहाराचा मुख्य आचारी होता. आयुवांग म्हणजे अशोकराजा. सम्राट अशोकाच्या स्तूपाच्या परंपरेवरून त्या पर्वताला हे नाव मिळालेले आहे. दोगेनने त्याला रात्री थांबण्याचा आग्रह केला. उद्याच्या भोजनाची व्यवस्था आपल्याकडे आहे, असे सांगून वृद्धाने नकार दिला. या वयात ध्यान आणि ग्रंथाभ्यास सोडून स्वयंपाकाचे कष्ट कशाला, असे तरुण दोगेनने विचारले. वृद्ध हसला आणि म्हणाला की, परदेशी मित्राला साधना म्हणजे काय ते अजून कळलेले नाही. तो त्याच संध्याकाळी कित्येक कोस पायी चालत आपल्या विहाराकडे निघून गेला.

या भेटीचा दोगेनच्या मनावर खोल परिणाम झाला. १२३७ मध्ये त्याने 'तेन्झो क्योकुन' हा मुख्य आचाऱ्यासाठी उपदेशपर ग्रंथ लिहिला. तांदूळ स्वतः धुवावा, खडे स्वतः निवडावेत, एक दाणाही वाया जाऊ देऊ नये. उंची पदार्थ हाती आला म्हणून हरखू नये आणि रानभाजी आली म्हणून तिला हीन लेखू नये, अशी त्याची शिकवण आहे. प्रसन्न चित्त, आईबापाचे वत्सल चित्त आणि विशाल चित्त अशी तीन चित्ते आचाऱ्याच्या अंगी असावीत, असे तो सांगतो. झेन विहारातील सहा प्रमुख अधिकाऱ्यांत मुख्य आचाऱ्याची गणना होते. आपल्या देशात स्वयंपाक्याची योग्यता त्याच्या जातीवरून, त्याच्या तथाकथित सोवळेपणावरून ठरविली गेली. दोगेनच्या विहारात ती त्याच्या जागरूकतेवरून आणि श्रमावरून ठरली. हा भेद मूलगामी आहे.

भोजनापूर्वी झेन विहारात पाच गोष्टींचे चिंतन केले जाते. हे अन्न आपल्यापर्यंत कसे आले आणि त्यासाठी किती जणांचे कष्ट खर्ची पडले. ते स्वीकारण्याइतके आपले आचरण शुद्ध आहे काय. चित्त लोभापासून दूर आहे काय. अन्न हे देहधारणेसाठी औषध आहे. आणि ते मार्ग साध्य करण्यासाठी घ्यावयाचे आहे. थेरवादी भिक्खूंचे पिंडपाताविषयीचे चिंतन ज्यांना माहीत आहे, त्यांना यातील आप्तसंबंध सहज जाणवेल. मात्र येथे श्रमाचा विचार सर्वांत आधी ठेवलेला आहे. या पहिल्या चिंतनाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो.

विहारातील संध्याकाळच्या आहाराला 'याकुसेकी', म्हणजे 'औषधी दगड', असे नाव आहे. विकाल भोजन निषिद्ध. पण थंड प्रदेशात श्रम करणाऱ्या भिक्खूंना संध्याकाळी काही खाणे आवश्यक. म्हणून त्याला भोजन न म्हणता औषध म्हटले गेले. शीलाची मर्यादा नावात तरी जपली गेली.

चहाची खोली

'काइसेकी' हा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो. जुन्या लेखनात त्याचा अर्थ 'मेळाव्याची बैठक' एवढाच होतो. दुसऱ्या लेखनात त्याचा अर्थ 'छातीशी धरलेला दगड' असा होतो. उपाशी भिक्खू पोटाची आग शमविण्यासाठी गरम केलेला दगड चीवरात धरीत, त्यावरून हे नाव पडले, असे आज प्रत्येक प्रवाशाला सांगितले जाते. परंतु हे दुसरे लेखन सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रकाशात आलेल्या 'नाम्पोरोकू' या चहाविषयक ग्रंथापासून रूढ झाले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे भोजन आधी आले आणि भिक्खूच्या उपवासाशी त्याचे नाते सांगणारे नाव मागाहून जोडले गेले. तथापि नाते अगदीच कल्पित नव्हते.

चहा जपानमध्ये रुजविला तो मुख्यतः भिक्खूंनी. एइसाई (११४१–१२१५) या झेन भिक्खूने १२११ मध्ये चहाच्या आरोग्यदायी गुणांवर ग्रंथ लिहिला. ध्यानात झोप येऊ नये म्हणून घेतले जाणारे हे पेय पुढे सरदारांच्या मेजवान्यांत शिरले. त्या मेजवान्यांत एकामागून एक अशी अनेक तबके मांडली जात. पुष्कळसे पदार्थ खाण्यापेक्षा पाहण्यासाठीच असत. या भपक्याला छेद दिला तो साकाई नगरातील माशांच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मलेल्या सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने. त्याने चहापूर्वीचे भोजन एक सार व तीन पदार्थ एवढ्यावर आणले. यजमान स्वतः तबक घेऊन येई. भोजनाच्या शेवटी पाहुणे गरम पाण्याने आणि लोणच्याच्या फोडीने आपापला वाडगा स्वच्छ करीत. ही तर सरळसरळ झेन विहाराची रीत होय. या भोजनात मासे असत, म्हणजे ते शोजिन नव्हते. पण त्याची शिस्त विहाराची होती.

चहाच्या खोलीचे दार जेमतेम दोन फूट उंचीचे असे. सरदार असो वा व्यापारी, प्रत्येकाला वाकून, गुडघ्यांवर सरकत आत जावे लागे. तलवार बाहेर ठेवावी लागे. क्योतोजवळच्या यामाझाकी येथील 'ताइआन' ही रिक्यूच्या नावाशी जोडलेली खोली अवघ्या दोन चटयांची आहे. इतक्या लहान जागेत उच्च-नीच आसने मांडता येत नाहीत. कठोर श्रेणीबद्ध समाजात हा एक धाडसी प्रयोग होता.

परंतु सत्ता अशा प्रयोगांना फार काळ मोकळे सोडीत नाही. रिक्यूचा आश्रयदाता तोयोतोमी हिदेयोशी याने सोन्याने मढविलेली चहाची खोली करविली. १५८७ मध्ये त्याने क्योतोतील कितानो येथे मोठा चहामेळा भरविला आणि सामान्य शेतकऱ्यांनीही किटली व वाडगा घेऊन यावे, अशी दवंडी पिटविली. चार वर्षांनंतर त्याच हिदेयोशीच्या आज्ञेने रिक्यूला पोट चिरून आत्मघात करावा लागला. खोलीच्या आत समता आणि खोलीच्या बाहेर हुकूमत, ही त्या समतेची मर्यादा होती.

राजमार्गावरील मुक्काम

१६३५ मध्ये तोकुगावा राजवटीने सरदारांना ठराविक काळ एदो राजधानीत राहण्याची सक्ती नियमबद्ध केली. त्यांचे तांडे ये-जा करू लागले आणि राजमार्गांवर मुक्कामाची ठाणी भरभराटीस आली. एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावर अशी त्रेपन्न ठाणी होती. तेथील मुक्कामाची व्यवस्था समाजरचनेचे प्रतिबिंबच होती. सरदारांसाठी 'होन्जिन' हे मानाचे अतिथिगृह. सामान्य प्रवाशांसाठी 'हातागो'. तेथे रात्रीचे व सकाळचे जेवण मिळे. आजच्या ऱ्योकानची 'एक रात्र, दोन जेवणे' ही पद्धत याच प्रथेतून आलेली आहे. अगदी गरिबांसाठी 'किचिन-यादो'. तेथे फक्त सरपणाचे पैसे द्यायचे आणि बरोबर आणलेले धान्य स्वतः शिजवून घ्यायचे. पाठीवर शिदोरी बांधून दूरच्या वाटा तुडविणाऱ्यांच्या वंशजांना हा शेवटचा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही.

हातागोमध्ये 'मेशिमोरी', म्हणजे भात वाढणाऱ्या, स्त्रिया असत. नाव भात वाढणारी. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळ जणी कर्जापायी विकल्या गेलेल्या गरीब घरच्या मुली होत्या आणि त्यांना शरीरविक्रय करावा लागे. १७१८ मध्ये शासनाने एदोच्या परिसरातील ठाण्यांवर एका हातागोमध्ये अशा दोनच स्त्रिया असाव्यात, असा नियम केला. म्हणजे अन्याय थांबविला नाही, त्याची संख्या ठरविली. जपानी अतिथ्याची नजाकत वर्णन करताना या मुलींचा उल्लेख सहसा होत नाही. त्यांनी वाढलेला भातही त्या इतिहासाचा भाग आहे.

याच काळात एदो, ओसाका, क्योतो येथे उंची भोजनगृहे निघाली. एदोतील यावोझेन हे त्यांतील विख्यात. रिक्यूचे चहापूर्व भोजन येथे मद्यासह चालणाऱ्या मेजवानीत रूपांतरित झाले. क्रम उलटा झाला. चहाच्या भोजनात भात आरंभी येतो. मेजवानीच्या काइसेकीत मद्याबरोबरचे पदार्थ आधी येतात आणि भात शेवटी. भुकेल्या माणसाचे अन्न पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेवर गेले, एवढ्या एका बदलात पुष्कळ काही सांगितले गेले आहे.

मांस, विटाळ आणि उद्यान

आता आम्ही या इतिहासाच्या सर्वांत वेदनादायक प्रकरणाकडे वळतो. ६७५ मध्ये सम्राट तेन्मु याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत निषिद्ध केले. हरीण व रानडुक्कर या यादीत नव्हते. बंदी शेतीच्या हंगामापुरती होती. पुढे या प्रकारच्या आज्ञा पुन्हा पुन्हा निघाल्या. पालि तिपिटकात तथागतांनी भिक्खूंना मांस सर्वस्वी निषिद्ध केलेले नाही. जीवकसुत्तात त्रिकोटी परिशुद्ध मांसाचा नियम आहे आणि सक्तीच्या शाकाहाराची देवदत्ताची मागणी तथागतांनी फेटाळली होती. पूर्व आशियात मात्र चिनी भाषेतील ब्रह्मजालसूत्राने मांसाहार वर्ज्य ठरविला. हे सूत्र पालि ब्रह्मजालसुत्ताहून भिन्न आहे. जपानमध्ये या करुणामूलक नियमाची सांगड रक्त व मृत्यू यांच्या विटाळाच्या स्थानिक कल्पनेशी पडली. करुणेचा विषय प्राणी होता. विटाळाचा विषय माणूस झाला. मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे, कत्तल करणारे लोक अस्पृश्य ठरले. त्यांना 'एता' म्हणत; ज्या चिन्हांनी हा शब्द लिहीत, त्यांचा अर्थच 'पुष्कळ विटाळ' असा आहे. तोकुगावा काळात हा दर्जा जन्मावर पक्का करण्यात आला. सामान्यांच्या घरात त्यांना प्रवेश नसे. त्यांच्या चुलीच्या विस्तवाचाही विटाळ मानला जाई.

तरीही उच्चवर्गाच्या सुखसोयी त्यांच्या हातांवाचून उभ्या राहू शकत नव्हत्या. चहाच्या बागेतून जाताना पायांत घालावयाच्या, तळाला कातडे लावलेल्या 'सेत्ता' चपला रिक्यूने प्रचारात आणल्या, अशी परंपरा आहे. त्या कातड्याचे काम करणारे हात याच वस्त्यांतले. मेजवानीत वाजणाऱ्या शामिसेनचे कातडेही त्यांनीच कमावलेले. हिकोने संस्थानातून शोगुनाला मिसोत मुरविलेले गोमांस 'औषध' म्हणून भेट जाई. खाणारा औषध घेत होता. कापणारा मात्र विटाळलेला होता.

याहून विलक्षण हकीकत उद्यानांची आहे. ऱ्योकानच्या खोलीतून दिसणारे शांत उद्यान ही जपानी निवासाची ओळख मानली जाते. पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासा याच्यासाठी उद्याने रचणारा झेनआमी हा 'कावारामोनो', म्हणजे नदीकाठच्या पडीक जागेत राहणाऱ्या बहिष्कृत वर्गातला होता. क्योतोतील र्‍योआनजी या झेन विहाराच्या जगप्रसिद्ध शिलाउद्यानातील एका दगडाच्या पाठीमागे कोरलेली नावेही अशाच कारागिरांची असावीत, असे मानले जाते. झेनआमीचा नातू माताशिरो यानेही हीच कला चालविली. १४८९ मध्ये एका झेन भिक्खूने आपल्या रोजनिशीत त्याचे उद्गार नोंदविले आहेत. त्यांचा आशय असा की, खाटकाच्या कुळात जन्म झाल्याचे आपल्याला दुःख आहे. म्हणून आपण जीवहत्या न करण्याचा आणि धनाचा लोभ न धरण्याचा निश्चय केला आहे. भिक्खूने त्याच्या सदाचाराची वाखाणणी केली. पण प्रश्न असा की, शील पाळणाऱ्या या माणसाला जन्माची लाज का वाटावी? ज्या विहारात त्याने सौंदर्य निर्माण केले, त्या विहाराने ती लाज त्याच्या मनातून का काढली नाही?

१८७१ मध्ये मेइजी शासनाने 'एता' हा दर्जा कायद्याने रद्द केला. १८७२ मध्ये सम्राटाने गोमांस खाल्ल्याची वार्ता प्रसृत झाली आणि त्याच वर्षी भिक्खूंना मांसाहार व विवाह यांची शासकीय मोकळीक मिळाली. मांस एका रात्रीत सुधारणेचे चिन्ह झाले. मांसाचा विटाळ गेला. ते कापणाऱ्या माणसाचा विटाळ मात्र गेला नाही.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात आपल्या देशातील अस्पृश्यतेच्या उगमाशी गोमांसाहार आणि बौद्धांविषयीचा तिरस्कार यांचा संबंध जोडला. त्यांच्या सिद्धान्तानुसार येथील वाताहत झालेले लोक बौद्ध होते, म्हणून बहिष्कृत झाले. जपानचे उदाहरण वेगळे आणि म्हणून अधिक विचार करावयास लावणारे आहे. तेथे बहिष्कार टाकणारेही बौद्ध आणि बहिष्कृतही बौद्ध. कित्येक विहारांनी बहिष्कृतांच्या मृतांना 'पशू', 'कातडे', 'सेवक' अशा अर्थाची चिन्हे असलेली धर्मनामे दिली आणि ती थडग्यांवर कोरली. १९२२ मध्ये क्योतो येथे 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापन झाली. तिचे घोषणापत्र लिहिणारा साइको मान्किची (१८९५–१९७०) हा एका बहिष्कृत वस्तीतील बौद्ध मंदिरातच जन्मला होता. या चळवळीने आपल्याच पंथाच्या होंगान्जी पीठांना जाब विचारला. १९७९ मध्ये अमेरिकेतील एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या कार्यकारी प्रमुखांनी जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे विधान केले. त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि १९८४ मध्ये त्यांनी ते विधान जाहीरपणे मागे घेतले. त्यानंतर पंथाने आपल्या थडग्यांवरील नावांची तपासणी हाती घेतली. दोगेनच्या पंथाला दोगेनचे पहिले चिंतन आठवावयास सुमारे साडेसातशे वर्षे लागली. २०१६ मध्ये जपानी संसदेने हा भेदभाव अद्याप अस्तित्वात असल्याचे मान्य करून त्याच्या निर्मूलनासाठी कायदा केला.

आजचे ऱ्योकान

आज एखाद्या जुन्या ऱ्योकानमध्ये पाऊल ठेवणारा प्रवासी दारात पादत्राणे काढतो, गवती चटयांच्या खोलीत बसतो, सुती युकाता अंगात घालतो, स्नान करतो. क्योतोतील तावाराया हे तीनशे वर्षांहून जुने, तर हिइरागिया १८१८ पासूनचे. खोलीत सामान जवळजवळ नसते. एका कोनाड्यात एक चित्रपट्टी आणि एक फूल. रात्री बिछाना जमिनीवरच घातला जातो. जगातील अत्यंत महागड्या निवासांपैकी एकात उंच शय्या नाही, हे आठव्या शीलाची आठवण करून देणारे आहे.

संध्याकाळी भोजन येते. आरंभी लहानसा पदार्थ, मग ऋतू सुचविणारे आठ 'सुन' लांबी-रुंदीचे तबक, कच्च्या माशाचे काप, झाकणाच्या वाडग्यातील सार, भाजलेले, शिजविलेले आणि सरतेशेवटी भात, सार व लोणचे. प्रत्येक पदार्थ घासाघासाचा. भांडे ऋतूप्रमाणे निवडलेले. कोठे कोठे ओमी प्रांताचे नामांकित गोमांसही येते. हिकोनेहून 'औषध' म्हणून जाणाऱ्या मांसाचा हाच प्रदेश. २०१३ मध्ये युनेस्कोने जपानी पारंपरिक आहारसंस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. ज्यांना मूळ रूप पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी कोयासान पर्वत आहे. कुकाई या आचार्याला ८१६ मध्ये मिळालेल्या या स्थानी आजही सुमारे पन्नास विहारांत यात्रेकरूंना निवास मिळतो. शोजिन भोजन वाढले जाते आणि पहाटेच्या वंदनेस बसता येते. मात्र तेथील निवासही आता स्वस्त राहिलेला नाही.

या सुखामागे उभी असते ती 'नाकाई', म्हणजे खोलीची देखभाल करणारी आणि जेवण वाढणारी स्त्री. तिचा कामाचा दिवस पुष्कळदा सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन तुकड्यांत विभागलेला असतो. पाहुणा उठण्यापूर्वी ती उठते आणि पाहुणा झोपल्यावर तिचे काम संपते.

आणि उंबरठ्याचा प्रश्न आजही संपलेला नाही. जपानमध्ये महारोग्यांना सक्तीने अलग ठेवणारा कायदा १९९६ पर्यंत चालू होता. २००१ मध्ये कुमामोतो येथील न्यायालयाने ते धोरण घटनाविरोधी ठरविले. २००३ मध्ये त्याच कुमामोतो प्रांतातील एका उष्ण झऱ्याच्या हॉटेलने आश्रमातील पूर्ण बऱ्या झालेल्या वृद्धांना उतरू देण्यास नकार दिला. इतर पाहुण्यांना त्रास होईल, हे कारण. प्रांतिक शासनाने निवासगृहांच्या कायद्याखाली कारवाई केली आणि पुढल्या वर्षी ते हॉटेल बंद झाले. पण समाजातील काहींनी निंदेची पत्रे पाठविली ती त्या वृद्धांनाच. सम्राज्ञी कोम्योच्या आख्यायिकेतील हजारावा पाहुणा बाराशे वर्षांनी पुन्हा स्नानगृहाच्या दाराशी आला होता आणि त्याला परत पाठविण्यात आले.

उपसंहार

सुखाने जेवणे व निवांत झोपणे हा अपराध आहे, असे धम्म सांगत नाही. तथागतांनी कठोर देहदंडाचा त्याग करून सुजातेची खीर स्वीकारली. वैशालीच्या लिच्छवींनी कितीही आर्जव केले तरी आम्रपालीला आधी दिलेला भोजनाचा होकार त्यांनी मोडला नाही. ते भोजन उत्तम होते. पण त्याचे मोल आम्रपालीला बरोबरीचा मान मिळाला यात होते. मज्झिम पटिपदा म्हणजे सुंदर वस्तूंकडे पाठ फिरविणे नव्हे, तर त्यांच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणे होय.

काइसेकीचे तबक हे मानवी कौशल्याचे उत्कृष्ट फळ आहे. त्यात आयुवांगच्या वृद्ध आचाऱ्याची निष्ठा आहे, दोगेनची जागरूकता आहे, रिक्यूचा संयम आहे. त्यातच भात वाढणाऱ्या विकल्या गेलेल्या मुली आहेत, कातडी कमावणारे हात आहेत आणि माताशिरोचे दुःख आहे. पहिल्या तिघांची नावे पाहुण्याला सांगितली जातात. उरलेल्यांची सांगितली जात नाहीत. हे अन्न आपल्यापर्यंत कसे आले, हा झेन विहारातील पहिला प्रश्न जर प्रामाणिकपणे विचारला, तर या सर्वांची नावे घ्यावी लागतील. आणि ग्योकीचे दानगृह आठवून दुसराही प्रश्न जोडावा लागेल : या उंबरठ्याबाहेर कोण उभे आहे?

हे प्रश्न जपानपुरते नाहीत. आपल्या विहारांत भोजनदान होते, वर्षावासात भिक्खूसंघाला आदराने जेऊ घातले जाते, धम्मयात्रांसाठी निवास बांधले जातात. ही आपली परंपरा अजून तरुण आहे आणि ती कोणत्या वळणाने जाईल हे आपल्याच हाती आहे. बौद्ध हे नाव धारण केल्याने विटाळ आपोआप नाहीसा होत नाही, आणि साधेपणाने सुरू झालेली रीत श्रीमंतांच्या शोभेची वस्तू होऊ शकते, हे दोन धडे जपानच्या इतिहासाने दिलेले आहेत. आपल्या पंगतीत भांडी घासणाऱ्या बाईला पहिल्या रांगेतले पान मिळते की नाही, एवढ्या एका कसोटीवर आपले धम्माचरण पारखून पाहण्यास हे धडे पुरेसे आहेत.